गच्चीवरचा कडबा

गाय जिना चढते, पण उतरत नाही. एवढं एक वाक्य मला कोणी मार्च महिन्यात सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. मी बावीस वर्षं पशुसंवर्धन खात्यात नोकरी करतो. माझ्या टेबलावरून जनावरांच्या डॉक्टरांच्या रजा जातात, बदल्या जातात, वेतनवाढी जातात. शेळ्यांची वाहतूक कशी करावी यावर आमच्याकडे चौदा पानांचं परिपत्रक आहे. कोंबडीच्या खुराड्याची उंची किती असावी हेही लिहिलेलं आहे. पण गाय आणि जिना यांच्याबद्दल बावीस वर्षांत एक ओळ आलेली नाही. माझा पहिला राग खात्यावर आहे. बाकीचे राग ओळीने सांगतो.

गेल्या मे महिन्याचं लाइटचं बिल मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, सकाळी शर्ट काढताना रोज दिसावं म्हणून. त्या बिलानंतर मी घरात शिस्त आणली. दुपारी एक ते चार फ्रिज बंद. पंखा एकच, ज्याला वारा पाहिजे त्याने त्या खोलीत येऊन बसावं. अंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी तुळशीला, आणि तुळस वाळली तर तो तुळशीचा दोष. संध्याकाळी ऑफिसातून आलो की चपला काढायच्या आधी मी मीटर बघून येतो. पंचशीला, म्हणजे माझी बायको, याला मीटरची पूजा म्हणते. म्हणू दे.

या वर्षी मात्र तिने सरळ एसी मागितला. आमची बुद्धप्रिया बारावीला, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी तिची नीट. लातुरात त्या परीक्षेसाठी कुठून कुठून पोरं येऊन राहतात. पंचशीलाचं म्हणणं असं, की परगावच्या पोरांच्या खोल्यांना एसी हाय आणि आपल्या गावची पोरगी आपल्याच घरात भाजून निघतीय. एसी नसेल तर माळ्यावरचा कूलर तरी काढा. मी म्हणालो, तो कूलर करंट किती खातो आणि पाणी किती पितो याची तुला कल्पना नाही. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. ते पाणी कूलरला पाजायचं का?

बुद्धप्रिया स्वतः काही म्हणाली नाही. ती काही म्हणतच नाही. मानेवर ओला टॉवेल टाकते आणि पुस्तकात डोकं घालून बसते. ती काही म्हणत नाही, त्याअर्थी तिला काही त्रास नाही, असं मी धरलं. ऑफिसातही आम्ही तसंच धरतो. अर्ज नाही, म्हणजे तक्रार नाही.

पण म्हणून मी हातावर हात ठेवून बसलो असं नाही. लहानपणी मी उन्हाळ्यात देवणीजवळ मामाच्या गावी जायचो. मामाच्या पत्र्याच्या घरावर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पसरलेल्या असायच्या आणि भर दुपारी आत गारवा असायचा, बिनपैशाचा. मी लगेच शेषेरावला फोन लावला. शेषेराव पंचशीलाचा धाकटा भाऊ, रेणापूरकडे शेती करतो. तो म्हणाला, तुराट्या लागतील तेवढ्या घेऊन जा, बांधावर पडूनच हायत. पण त्याच्या बांधाशेजारी कडब्याची गंज उभी असल्याचं मला आठवलं, आणि माझ्या डोक्यात ती गोष्ट आली जिच्यासाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

तुराट्या उन्हाळा संपला की चुलीत जातात. कडब्याचं तसं नाही. ज्वारीच्या कडब्याला जून उजाडेपर्यंत मागणी वाढत जाते, वैरण कुठे मिळत नाही. म्हणजे दोन महिने कडबा गच्चीवर टाकायचा, सावली खायची, आणि जूनमध्ये तोच कडबा चढ्या भावाने विकायचा. घर गार ते गार, वर नफा. हे मी शेषेरावला सांगितलं. तर तो म्हणाला, "दाजी, घरावर तुराट्याच टाकत्यात. कडबा कोणी टाकत न्हाई."

मी विचारलं, का टाकत नाहीत?

"टाकत न्हाईत," तो म्हणाला.

आता याला काय उत्तर म्हणायचं? पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेला माणूस, तुराटीला जनावर तोंड लावत नाही आणि कडब्यासाठी दावं तोडतं, एवढं सांगायला त्याला किती श्वास लागला असता? पण नाही. टाकत न्हाईत. मला वाटलं, गावाकडच्या लोकांना हिशेब समजत नाही. मी टेम्पो ठरवला.

गच्चीवर बांबू बांधले, त्यावर तीनशे पेंढ्या रचल्या. जिना बाहेरून आहे. माझ्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा त्यांचे गुडघे गेलेले होते, म्हणून त्यांनी जिना ऐसपैस बांधून घेतला, दोन माणसं जोडीने चढतील असा रुंद, पायऱ्या बुटक्या. खाली लोखंडी दार बसवायचं राहिलंय. वेल्डरचं कोटेशन माझ्याकडे दोन वर्षं आहे. त्यात मला घासाघीस करायची होती.

आणि सांगायला हरकत नाही, घर गार झालं. आठ दिवस मी राजासारखा राहिलो. दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेवता येऊ लागला. बुद्धप्रियाच्या मानेवरचा टॉवेल गेला. पंचशीलाने एसीचा विषय काढणं बंद केलं, आणि आमच्या घरात याला सत्कार म्हणतात. मी तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं. पण माणसाला आपली अक्कल दुसऱ्याला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. मी शेजारच्या मृत्युंजय अप्पांना घर बघायला बोलावलं.

अप्पा निवृत्त मुख्याध्यापक आहेत. शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. त्यांनी फरशीवर पाय ठेवून बघितला, भिंतीला हात लावून बघितला, मान डोलावली, आणि घरी जाऊन गल्लीभर सांगितलं की सोनकांबळेंच्या, म्हणजे माझ्या, डोक्यावर पेटतं घर आहे. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. कोणी म्हणे विडीची एक ठिणगी पुरे. कोणी म्हणे उंदीर होतील, उंदरामागं साप येईल. एकाने सांगितलं की कडब्यावर रोज पाणी मारा म्हणजे जळायची भीती नाही, तर दुसऱ्याने सांगितलं की पाणी माराल तर आठवड्यात कुजेल. मी म्हणालो, तुम्ही दोघं आधी आपसात ठरवा आणि मला लेखी कळवा. दोघांनाही राग आला.

लेखी कळवलं ते तिसऱ्याच कोणीतरी. गच्चीवर ज्वलनशील साठा केल्याची नोटीस आली. कुठल्या कार्यालयाची ते सांगत नाही. मी स्वतः सरकारी माणूस आहे, दुसऱ्या कार्यालयाची अब्रू काढणं आमच्यात बसत नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथे गेलो. टेबलावरचा माणूस स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याच्याकडे अर्जाचे दोनच नमुने होते, मांडव आणि गोठा. मांडवासाठी कार्यक्रमाचं कारण लागतं. मी लिहिलं, उन्हाळा. तो म्हणाला, लग्न, वास्तू, जयंती यांतलं काहीतरी लिहा, उन्हाळा हा कार्यक्रम नाही. मग मी गोठ्याचा अर्ज भरला. त्यात रकाना होता, जनावरांची संख्या. मी लिहिलं, शून्य. त्याने पेन खाली ठेवला आणि मला समजावून सांगितलं की जनावर नसताना गोठ्याची परवानगी देता येत नाही. आधी जनावर आणा. मी म्हणालो, मला जनावर नकोय. तो म्हणाला, मग गोठा कशाला पाहिजे?

मी घरी परत आलो आणि मीटर बघितला.

परीक्षेच्या आधीचा मंगळवार. दुपारी एकच्या सुमाराला ऑफिसात पंचशीलाचा फोन. म्हणाली, वर गच्चीवर कोणीतरी चालतंय. मी म्हणालो, माकड असेल. ती म्हणाली, माकड असतं तर झुंबर हललं नसतं. आमच्याकडे झुंबर नाही, हॉलमध्ये एक पंखा आहे, त्याला ती रागात असली की झुंबर म्हणते. मी घरी येऊन जिना चढलो तर वर एक देवणी गाय उभी होती. पांढरी, तोंड काळं, पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं. माझ्या मांडवाची एक कड खाऊन झालेली होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि दुसरी पेंढी ओढली.

गाय धुरपताबाईची होती. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. त्या एका गाईच्या दुधावर तिचं चालतं. आमच्या घरी तिचंच दूध येतं आणि त्यात पाणी असतं की नाही यावर माझा तिचा चार वर्षं वाद आहे. गाय गाभण होती, दूध आटलं होतं, आणि पंधरा दिवस माझ्या कडब्याच्या वासाने ती दाव्याला हिसके देत होती. शेवटी दावं तुटलं. दाराविना जिना होता, पायऱ्या बुटक्या होत्या, वर जेवण होतं. वडिलांनी आपल्या गुडघ्यांसाठी जे जे केलं ते सगळं गाईच्या कामाला आलं.

धुरपताबाई आली तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी तयारीत होतो. दावं नीट न बांधणाऱ्या माणसाला ऐकवायला माझ्याकडे चार वाक्यं तयार होती. पण ती भांडली नाही. जिन्याच्या खाली उभी राहून वर बघत राहिली आणि म्हणाली, "सायेब, माझं एवढंच हाय."

माझी चार वाक्यं तिथेच राहिली. याचाही मला राग आला. कडबा माझा, गच्ची माझी, जिन्याला दार मी लावलेलं नाही, म्हणजे गुन्हेगारही मीच. निदान तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तीन देऊन मोकळा झालो असतो.

गाय उतरवण्याचा कार्यक्रम दोन दिवस चालला. याला कार्यक्रम म्हणायला हरकत नाही, कारण सगळी गल्ली हजर होती. आधी दोर लावून ओढली. चौघांनी ओढलं, गाय इंचभर हलली नाही, एकजण मात्र पाच पायऱ्या खाली आला. मग मागून ढकलली, म्हणजे मी ढकलली, आणि तिने माझ्या ऑफिसच्या पँटवर आपलं मत नोंदवलं. अप्पा म्हणाले, जनावराला खाली खोल दिसलं की भीती वाटते, डोळ्यांवर पट्टी बांधा. पट्टी बांधली तर ती जागच्या जागी बसली. अप्पा म्हणाले, पायऱ्यांवर पोती टाका. टाकली. अप्पा म्हणाले, खालून हिरवा घास दाखवा. दाखवला. वर तीनशे पेंढ्या असताना ती एका घासासाठी कशाला उतरेल? तिच्या जागी असतो तर मीही उतरलो नसतो.

आणि प्रत्येकजण, अगदी प्रत्येकजण, मला एकच वाक्य ऐकवून जायचा. तुम्ही तर खात्यातच हाव की ओ. जसा काही मी बावीस वर्षं गच्च्यांवरून गाई उतरवत आलोय.

बुधवारी मी नाक मुठीत धरून डॉक्टर महांतेश यांना बोलावलं. हे आमच्याच खात्यातले. त्यांचा रजेचा अर्ज शिक्का पुसट आहे म्हणून मी तीन वेळा परत पाठवलेला होता. ते आले, गाईच्या अंगावरून हात फिरवला, पोट दाबून बघितलं, आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं.

"सोनकांबळे साहेब, हिला ओढणं बंद करा. दिवस भरलेत हिचे. पायरीवर पाय घसरला तर दोन जीव जातील."

मी विचारलं, मग काय करायचं?

"व्याली की बघू. तोवर सावली, पाणी आणि वारा. हे साध्या कागदावर लिहून दिलं तर चालंल का, का शिक्का पाहिजे?"

सहन करण्याचा तो दिवस होता.

सावलीचा प्रश्न असा होता की सावली गाय खात होती. गुरुवारी दुपारपर्यंत मांडवाला मोठी भगदाडं पडली आणि ऊन सरळ तिच्या पाठीवर येऊ लागलं. तिची जीभ बाहेर आली, तोंडातून फेस गळायला लागला, आणि ती हंबरायला लागली. ते हंबरणं तीन गल्ल्यांपर्यंत जात होतं. धुरपताबाई ओलं गोणपाट तिच्या पाठीवर टाकत होती आणि ते दहा मिनिटांत वाळत होतं. ती म्हातारी रडत नव्हती, नुसती पाणी आणत होती, कुठून आणत होती कोण जाणे. माझ्याच्याने ते बघवेना. मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो, कूलर खाली काढला, झाडला, आणि दोघांच्या मदतीने गच्चीवर नेला. हॉलमधून वायर ओढली. टाकीतलं पाणी बादली बादली करून वर चढवलं. बटण दाबलं आणि वारा सुटला. गाईने मान वळवून तोंड कूलरसमोर धरलं, डोळे मिटले, आणि हंबरणं थांबलं.

तासाभरात सगळं केलं मी. मला बरं वाटत होतं. घाम पुसत खाली आलो तर पंचशीला हॉलच्या दारात उभी होती. तिने आवाज चढवला नाही.

"गाय हंबरली म्हणून कूलर वर गेला," ती म्हणाली. "माझी लेक हंबरत न्हाई, एवढंच तिचं चुकलं."

मी काहीतरी बोलणार होतो. दोन जीवांचा प्रश्न आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, असं काहीतरी. पण तिच्या मागे खोलीत बुद्धप्रिया बसलेली दिसली. मानेवर ओला टॉवेल परत आलेला होता. मला स्वतःचा इतका राग आला की मी तो अप्पांवर काढला. ते वायर कुठून घ्यावी हे सांगायला आले होते. त्यांना मी म्हणालो की तुमच्या सल्ल्यांचाही एकदा गोठा बांधा.

त्या दिवसापासून बुद्धप्रिया पुस्तकं घेऊन वर गेली. कूलरसमोर एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला चटईवर ती, मध्ये धुरपताबाई. पंचशीलाही भाजी निवडायला वरच जाऊ लागली. खाली स्लॅब तापलेला आणि घरात मी एकटा. मांडव गाईच्या पोटात आणि कूलर गाईसमोर. मीटर बघायला गेलो तर तो नुसता पळत होता.

शुक्रवारी त्या कार्यालयातला माणूस पाहणीला आला. गाय बघून त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, आता गोठा म्हणून अर्ज घेता येईल. तिथेच उभं राहून त्याने नमुना भरून घेतला, जनावरांची संख्या एक. शनिवारी सकाळी ती दोन झाली. अर्जात खाडाखोड चालत नाही म्हणून तो अर्ज बाद झाला.

कारण शनिवारी सकाळी गाय व्याली. डॉक्टर महांतेश कुठल्या तरी खेड्यावर होते, यायला दीड तास लागणार होता. वासराचा एक पाय आतच दुमडला होता. धुरपताबाईचे हात संधिवाताने वाकडे झालेले, तिला तो पाय धरता येईना. डॉक्टर फोनवरून सांगत होते आणि बुद्धप्रिया, जिच्या हाताला आम्ही कधी शाई लागू दिली नाही, ती कोपरापर्यंत हात घालून तो पाय सरळ करत होती. परीक्षेला एक दिवस राहिला होता. मी बादली धरून उभा होतो. मला ओरडायचं होतं, की तू अभ्यास कर, हे तुझं काम नाही. पण मग हे कोणाचं काम आहे असं कोणी विचारलं असतं, तर बावीस वर्षं पगार खाल्लेला माणूस तिथे एकच होता. मी बादली धरून उभा राहिलो.

कालवड झाली. काळ्या तोंडाची. धुरपताबाईने बुद्धप्रियाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी कित्येक महिन्यांत तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

एवढ्यावर संपलं असतं तर हा राग मी गिळला असता. रविवारी दोन वाजता परीक्षा होती. केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, दीडला फाटक बंद, मग देव आला तरी आत घेत नाहीत. बुद्धप्रिया अकरालाच तयार झाली, आणि हॉलतिकीट हातात घेऊनच, दोन मिनिटांत कालवड बघून येते म्हणून वर गेली. धुरपताबाई गाईला गूळ-बाजरी शिजवायला घरी गेलेली होती. बुद्धप्रिया वर गेली आणि गाय जिन्याच्या तोंडाशी येऊन आडवी उभी राहिली.

नवी व्यालेली गाय ओळखीच्या हाताशिवाय कोणालाही वासराजवळ येऊ देत नाही. हे मात्र मला त्या क्षणी समजलं, कारण मी सातव्या पायरीवर असताना तिने मान खाली घातली आणि शिंगं माझ्याकडे केली. मी खाली आलो. परत गेलो, परत आलो. वर पोरगी, मध्ये गाय, खाली बाप. धुरपताबाईला बोलवायला एक पोरगं पाठवलं, तर ती गूळ आणायला बाजारात गेलेली. साडेअकरा झाले. गल्ली जमली. कोणी म्हणालं फटाका लावा. कोणी म्हणालं शेजारच्या गच्चीवरून फळी टाका आणि पोरीला त्यावरून आणा. अप्पांची शिडी होती, ती त्यांनी कोणाला तरी रंगकामाला दिलेली. उंच शिडीची गाडी असलेल्या एका कार्यालयात फोन लावला तर त्यांनी विचारलं, आग आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग अर्ज करा. बारा वाजून गेले.

तेव्हा माझा तोल गेला. मी जिन्याच्या खाली उभा राहून ओरडलो. कोणाला ओरडलो ते मला सांगता येणार नाही. अप्पांना, त्या कार्यालयांना, शेषेरावला, वेल्डरला, कडब्याला. एका वर्षात एक वेळ आपल्या लेकरासाठी एक बटण दाबलं असतं, तर आज ती खालच्या खोलीत असती, हे मी मोठ्याने बोललो की मनात, ते आठवत नाही. पण पंचशीलाने माझ्याकडे वळून बघितलं.

वरून बुद्धप्रियाचा आवाज आला. शांत होता.

"पप्पा, बाजूला सरका. समोरून सगळ्यांना काढा. कोणी बोलू नका."

आम्ही सरकलो. थोड्या वेळाने ती गाईच्या मागून दिसली. कालवड तिने दोन्ही हातांत छातीशी धरलेली, चारी पाय लोंबत होते, आणि हॉलतिकीट दातांत. ती भिंतीला घासून गाईच्या शेजारून पुढे आली. जिना रुंद होता म्हणून जमलं. तिने कालवडीचं तोंड गाईच्या नाकासमोर धरलं, गाईने ते चाटलं, आणि बुद्धप्रिया एक पायरी खाली उतरली. थांबली. गाईने मान लांबवली. पुढचा पाय खाली ठेवला, काढला, परत ठेवला. मग दुसरा. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर पोरगी थांबायची, वास द्यायची, पुढे सरकायची. दोरानं, पट्टीनं, घासानं आणि गल्लीच्या अकलेनं जी हलली नव्हती, ती गाय आपल्या लेकरामागे एकेक पायरी उतरत खाली आली.

धुरपताबाई पातेलं घेऊन कोपऱ्यावरून येत होती. तिने ते बघितलं आणि पातेलं तिथेच रस्त्यावर ठेवलं.

मी स्कूटर काढली. फाटकावर पोचलो तेव्हा एक वीस झाले होते. तिथल्या माणसाने बुद्धप्रियाच्या कुर्त्याकडे बघितलं आणि नाक मुरडलं. मी भांडायला पुढे झालो, तर तिने सांगितलं की वासराची लाळ आहे, आणि तो बाजूला झाला.

संध्याकाळी ती बाहेर आली. मी काही विचारायच्या आत तिने विचारलं, कालवड पिली का? मग म्हणाली, पेपर बरा गेला. पुढचा रस्ताभर ती मागे बसून उदगीरच्या जनावरांच्या कॉलेजला किती मार्क लागतात ते सांगत होती. मी स्कूटर चालवत राहिलो.

घरी आलो तर कूलर हॉलमध्ये होता. धुरपताबाईने कोणाला तरी घेऊन तो खाली आणला होता, आतून बाहेरून पुसला होता. शेजारी झाकलेल्या डब्यात खरवस होता. पंचशीलाने सांगितलं, की खाल्लेल्या कडब्याचं काय द्यायचं ते विचारून गेलीय. मी म्हणालो, उरलेला पण घेऊन जा म्हणावं, परत कडब्याचं नाव घेतलं तर दूध बंद करीन.

मग मी कूलर एकट्यानेच ओढत बुद्धप्रियाच्या खोलीत नेला. टाकी भरली. ती पलंगावर बसून बघत होती.

"आता कशाला, पप्पा?" ती म्हणाली. "परीक्षा झाली की."

खरंच विचारत होती ती, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी बटण दाबलं, जरा जोरातच दाबलं, आणि तोंड तिच्याकडे वळवून दिलं. पंचशीला खरवसाचा डबा घेऊन दारात आली. आम्ही तिघांनी तिथेच बसून खरवस खाल्ला. त्या दिवशी मी मीटर बघायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. मेला फार पळाला होता.